मैद्याची खळ

सिंधुताईंच्या मते फ्लेक्स एकदा वापरून टाकायचा नसतो, तो दरवर्षी नव्यानं जगवायचा असतो. गेल्या वर्षीच्या फ्लेक्सवर नवं साल चिकटवायचं, पाहुणे बदलले तर पाहुणे चिकटवायचे, आणि अगदीच चिंध्या झाल्या की धान्याच्या मोंढ्यातल्या एखाद्या आडत्याला पोत्यांवर झाकायला देऊन टाकायचा. प्रमाणपत्रं त्यांनी एकदाच गठ्ठ्यानं छापून घेतली आहेत, साल न घालता. वार्षिक अहवाल पूर्वी छापील असायचा. आता त्या तो फळ्यावर लिहितात आणि ज्याला हवा त्यानं मोबाईलवर फोटो काढायचा. पाहुण्यांच्या छातीवरचे बिल्ले तर कार्यक्रम संपल्यावर स्वतः दारात उभ्या राहून काढून घेतात आणि बिस्किटाच्या डब्यात भरून ठेवतात. मी त्यांना तोंडावर चिंगूस म्हणते. त्या मला उधळी म्हणतात. तरी आमचं बरं चाललं होतं.

मी उज्वला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि उदगीरच्या आमच्या ‘उजेड अभ्यासिके’चे कार्यक्रम असले की माईक माझ्याकडे असतो. सिंधुताई पोस्टातून निवृत्त झालेल्या, अभ्यासिकेच्या कोषाध्यक्ष. बाकीची समिती चहाच्या वेळेला हजर असते. अभ्यासिका म्हणजे मोंढ्याच्या मागची पत्र्याची लांबलचक खोली, पूर्वीचं गोदाम. लातूरच्या क्लासची फी ज्यांना परवडत नाही अशा आसपासच्या खेड्यांतल्या मुली सकाळपासून तिथं बसतात आणि भरतीच्या परीक्षांचा अभ्यास करतात. खोली साहेबरावकाकांची. पण दिली ती त्यांच्या बायकोनं, भामाबाईंनी. दिली म्हणजे काय, तर एक दिवस किल्ली आणून सिंधुताईंच्या तळहातावर ठेवली. “पोरी शिकतेत तवर तुमची,” एवढंच म्हणाल्या आणि चहा प्यायला बसल्या. कागद नाही, करार नाही.

मागच्या वर्धापनदिनाला त्याच आमच्या उद्घाटक होत्या. हिरवी साडी, जाड चष्मा, आणि भाषण करा म्हटलं तर “मला भूक लागलीय, पोरींनाबी लागली असंल,” असं म्हणून त्यांनी सगळी सभा हसवली होती. त्यानंतरच्या पावसाळ्यात त्या गेल्या. साहेबरावकाका मुलाकडे, प्रेमकडे, नांदेडला राहायला गेले.

या वर्षी वर्धापनदिनाचं आमंत्रण सगळ्यांना मोबाईलवर गेलं. छापील पत्रिका एकच काढली, झेरॉक्सवाल्याकडून जाड कागदावर, ती साहेबरावकाकांसाठी. छापील पत्रिका हातात पडल्याशिवाय आमच्याकडे प्रमुख पाहुण्याला आपण प्रमुख आहोत असं वाटत नाही, हे सिंधुताईंनाही मान्य आहे. पत्रिका पोचली आणि प्रेमचा मला फोन आला.

“मॅडम, पप्पा येतील. खोलीचं काय ते कार्यक्रमातच सांगतील. फक्त एक करा, आईचा विषय काढू नका. फोटोबी नको. घरातले सगळे फोटो मी कपाटात टाकलेत. तिचं नाव निघालं की पप्पांचं बीपी वाढतंय.”

“खोलीचं काय ते म्हणजे काय, प्रेम?”

“ते सांगतील की,” म्हणून त्यानं फोन ठेवला.

काय ते मला ठाऊक होतंच. नांदेडला प्रेम ज्या मोटारसायकलच्या शोरूममध्ये कामाला होता ते बंद पडलं होतं. आता उदगीरला येऊन आमच्या खोलीत स्पेअर पार्टचं दुकान टाकायचं त्याच्या मनात होतं. त्याचं चुकत होतं असं मी म्हणत नाही. खोली त्याच्या बापाची, पोट त्याचं. पण आमच्या पुनमचं काय करायचं? पुनम बिलोलीकडची, इथं मामाच्या घरी राहायची. मामाच्या दोन खोल्यांत सात माणसं, म्हणून ती दिवसभर अभ्यासिकेत असायची. परीक्षा महिन्यावर आली होती. अभ्यासिका बंद झाली तर बाप तिला गावी नेणार होता, आणि गावी स्थळ बघून ठेवलेलं होतं. तिच्यासारख्या अजून कितीतरी. मी रागावून कुणाला काय बोलणार?

आदल्या दिवशी दुपारी मी अभ्यासिकेत गेले, तर सिंधुताईंनी मागच्या वर्षीचा फ्लेक्स जमिनीवर अंथरला होता. शेजारी पातेल्यात मैद्याची खळ. हातात साहेबरावकाकांचा मोठा रंगीत फोटो, साध्या कागदावर छापलेला, खाली ‘प्रमुख पाहुणे’ आणि नाव. त्या तो कुठं चिकटवणार हे माझ्या लक्षात आलं. फ्लेक्सवर मोठा फोटो एकच होता, भामाबाईंचा.

“अहो ताई, निदान स्टिकरवर तरी छापून आणायचा. मागं गोंद असतो, पक्का बसतो.”

“स्टिकरला किती पैसे सांगितले ठावं हाय का? तेवढ्यात पोरींच्या प्रश्नसंचाच्या झेरॉक्स निघतेत. कागद हाय, खळ हाय, झालं की.”

“मग काकूंचा फोटो राहू द्या तसाच. वर ‘स्मृतिशेष’ लिहू. शोभून दिसेल.”

“प्रेम काय म्हनला ते इसरलीस? फोटो नको म्हनला ना? अन् दादा आले आन् बॅनरवर त्यांचं तोंडच न्हाई, तर मानपान ऱ्हातो का काही? उद्या त्यांनी खुशीत असायला पायजे, उज्वला. खोली त्यांच्या हातात हाय.”

“नवा फ्लेक्स करू. मी देते पैसे.”

“तू देशील गं. पुढच्या साली कोन देईल? एकदा सवय लागली की संपलं. फ्लेक्सवर तोंड दिसल्यानं पोरगी पास होत न्हाई.”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यापुढं बोलून उपयोग नसतो. त्यांनी पदरानं आधी भामाबाईंचा फोटो पुसला, चष्म्यावरची धूळ काढली. मग पातेल्यात हात घातला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. “भामावैनी, जरा सरका,” असं हळूच म्हणाल्या आणि खळ फासली. कागद बसवला, तळहातानं मधून कडेकडे दाबत नेला. मला ते बघवेना.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” मी चिडून म्हणाले.

“मग झाकलेलीच राहू दे,” त्या म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पत्रा तापला होता. मे महिन्यात आमच्याकडे दहा वाजता बाहेर पडायलाही धाडस लागतं, आणि आम्ही शंभरेक माणसं त्या खोलीत कोंबली होती. समोरच्या आडत्याकडून एक मोठा कूलर मागून आणला होता, तो मुलींच्या बाजूला तोंड करून ठेवला. फ्लेक्स स्टेजच्या मागच्या भिंतीला ताणून बांधला. लांबून बघितलं तर खरंच काही कळत नव्हतं. साहेबरावकाका अगदी मंत्र्यासारखे दिसत होते.

गाडी आली. काका उतरले आणि मला ओळखू येईनात, इतके वाळले होते. शर्टाची कॉलर गळ्यापासून दोन बोटं लांब. आत आल्यावर त्यांनी फ्लेक्सकडे बघितलं.

“मला कशाला टांगलंत गं तिथं?”

“तुम्ही प्रमुख पाहुणे आहात, काका.”

“हं,” म्हणाले आणि खुर्चीवर बसले, फ्लेक्सकडे पाठ करून. सिंधुताईंनी त्यांच्या खिशाला बिल्ला लावला. प्रेम शेजारच्या खुर्चीवर बसला. त्याच्या हातात एक कॅरीबॅग होती, ती त्यानं खुर्चीखाली सरकवली. मी पाण्याच्या बाटल्या ठेवायला वाकले तेव्हा ती जरा उघडी पडली होती. आत कोरं करकरीत कुलूप होतं, पितळी, मुठीएवढं, अजून पुठ्ठ्याला बांधलेलं.

म्हणजे निर्णय नांदेडहूनच झालेला होता. हे लोक भाषण करणार, नारळ-शाल घेणार आणि जाताना कुलूप लावून जाणार.

मी सिंधुताईंच्या कानाशी लागले. “कुलूप घेऊन आलेत.”

त्यांचा चेहरा एकदम उतरला. मग म्हणाल्या, “असू दे. तू माईक घे. जोवर बोलत न्हाईत तोवर काही झालेलं न्हाई.”

वंदना झाली. मेणबत्ती विझू नये म्हणून तेवढा वेळ कूलर बंद ठेवला होता. त्रिशरण, पंचशील संपलं, सगळे खाली बसले, आणि प्रेमनं दस्तीनं मान पुसत उठून कूलर चालू केला. नुसता चालू केला असता तरी चाललं असतं. पण त्यानं तो अख्खा फिरवला आणि स्टेजकडे तोंड करून ठेवला. “पप्पाला उकडून राहिलंय,” म्हणाला.

ओलसर, थंड वारा सुटला. फ्लेक्स फुगला, भिंतीवर आपटला, परत फुगला. मी प्रास्ताविकाची दोन वाक्यं बोलले असेन, आणि मला दिसलं की कागदाचा वरचा उजवा कोपरा सुटलाय.

एवढासाच होता. नखाएवढा. मी बोलत राहिले, पण काय बोलत होते ते आज मला कुणी विचारू नये. डोळ्याच्या कोपऱ्यातून मी त्या कोपऱ्याकडे बघत होते. नखाएवढा होता तो दोन बोटं झाला. मैद्याच्या खळीला ओल लागली की ती परत मऊ होते, हे चौथीच्या पोरालाही माहीत असतं. दोन बोटांचा तळहाताएवढा झाला आणि मागून केस दिसायला लागले. पांढरे, मधोमध भांग पाडलेले.

मला प्रेमचं बोलणं ऐकू यायला लागलं, तो अजून बोललाच नव्हता तरी. आईच्या पुण्याईवर खोली वापरता आणि तिच्याच तोंडावर कागद डकवता? याला मी काय उत्तर देणार होते? त्याला कारण पाहिजेच होतं, आणि ते आम्ही आमच्या हातानं शिजवून ठेवलं होतं. काकांच्या मनात थोडी जरी माया शिल्लक असेल, तरी हे बघितल्यावर ती उरली नसती.

“आता आपण पाहुण्यांचा सत्कार करू या,” मी मध्येच जाहीर केलं. आधी दीपा नावाच्या मुलीचं स्वागतगीत होतं. ती बिचारी उभी राहिली होती, ती परत खाली बसली. सिंधुताई शाल घेऊन पुढं आल्या. मी शाल नीट करायच्या निमित्तानं काकांच्या खुर्चीमागं गेले आणि कागद तळहातानं जोरात दाबला. हाताला नुसता चिकट लगदा लागला. हात काढला तसा कागद परत सुटला, आणि या वेळी माझ्या हातासोबत थोडा जास्तच सुटला. आता कपाळ दिसत होतं.

माईकजवळ परत येताना मी पुनमला खुणेनं कूलर दाखवला. पोरगी हुशार. उठली आणि बटण बंद करून आली. खोलीत एकदम शांतता झाली, पंख्यांची तेवढी घरघर.

“अगं, बंद कशाला केलास?” प्रेम म्हणाला.

“आवाज येऊन राहिला, दादा. माईकचं ऐकू येईना.”

“माईक मोठा करा की मग.” तो स्वतः उठला आणि बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.

मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. बापाची काळजी म्हणून करत होता बिचारा, तरीसुद्धा.

पहिल्या ओळीतल्या बायकांना आता कळलं होतं. एकीनं दुसरीला कोपर मारलं. भामाबाईंना ओळखत नाही असं त्या ओळीत कुणी नव्हतं. सिंधुताई खाली मान घालून मांडीवरचा पदर पिळत होत्या. फळ्यावरचा अहवाल वाचायचा होता, तो त्यांनी वाचला नाही. मी वाचला. आमच्या किती मुली लागल्या, कुठल्या कुठल्या खात्यात लागल्या, हे मी शक्य तितकं सावकाश वाचलं, प्रत्येकीच्या गावासकट. काका मान हलवत होते. त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर त्यांचाच फोटो कपाळापासून खाली वाकत होता, आणि मागून चष्म्याची काडी दिसत होती.

अहवाल संपला. वाढवून वाढवून मी किती वाढवणार? प्रेमनं घड्याळाकडे बघितलं.

“आता मी साहेबरावकाकांना विनंती करते,” मी म्हणाले.

काका उठून माईकपाशी आले. त्यांनी मुलींकडे बघितलं.

“मला बोलता येत न्हाई,” ते म्हणाले. “बोलनारी गेली.” प्रेमनं चमकून वर बघितलं. पण काका पुढं गेले. “तुम्ही पोरींनी लई चांगलं केलं. नावं ऐकली मी आता. बरं वाटलं. ह्या खोलीत आधी तुरीची पोती असायची, आता तुम्ही हाव. पन मला आज एक गोष्ट सांगायची हाय. राग मानू नका. मी आता पोराच्या आधारानं राहतो. पोराची नौकरी गेली. त्याचंबी लेकरू-बाळ हाय. म्हनून मी असं ठरवलं की…”

कूलरचा एक झोत आला आणि कागद गेला. वरून खाली असा उलटा वळला, क्षणभर खालच्या कडेला लोंबकळला, काकांचा चेहरा उलटा करून, आणि मग खुर्चीमागं ओल्या फडक्यासारखा पडला.

“अगं बया, भामाकाकू,” मागून कुणीतरी बोललं.

काकांनी आधी आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं. सगळी सभा त्यांच्या डोक्यावरून मागं बघत होती. ते वळले.

हिरवी साडी. जाड चष्मा. गालावर खळीचे पांढरे फराटे. मागच्या वर्षी आम्ही फोटो काढायच्या वेळी त्या कशावरून तरी हसल्या होत्या, ते हसू तसंच होतं.

मग प्रेमची खुर्ची मागं सरकली.

“हे काय हाय?” त्यानं विचारलं. “आईवर कागद चिकटवला तुम्ही? मॅडम, मी तुम्हाला विषय काढू नका म्हनलो, तर तुम्ही तिला झाकली? नवा फ्लेक्स करायला पैसे नव्हते तुमच्याकडं? मला मागायचे, मी दिले असते! जिनं खोली दिली तिच्याच तोंडाला खळ फासली. चला पप्पा. आता सांगायचं काय राहिलंय?”

मला लाज वाटत होती, इतकी की पायाखालची फरशी फुटली असती तर बरं झालं असतं.

सिंधुताई उठल्या. “उज्वलाला बोलू नको. मी चिकटवला. ती नको म्हनत होती.” त्यांचा आवाज चढलेला होता. “पैसे व्हते. फ्लेक्स केला असता तर पोरींचे प्रश्नसंच राहिले असते. म्हनून न्हाई केला. भामावैनी असत्या तर त्यांनीबी केला नसता. त्यांची माफी मी कालच मागितलीय. तुझी मागायची असंल तर आता मागते.” आणि एवढं बोलून त्या सगळ्यांसमोर रडायला लागल्या.

काकांचं लक्ष दोघांकडेही नव्हतं. ते फ्लेक्सजवळ गेले होते. बोटानं त्यांनी भामाबाईंच्या गालावरची खळ उचलली, अंगठ्यानं चोळली.

“मैदा हाय का?” त्यांनी विचारलं.

“हाव, दादा,” सिंधुताई हुंदका गिळत म्हणाल्या.

“मैदा ओल धरतो. चिंचोक्याची करायची असती.” ते फ्लेक्सशीच बोलत होते. “हिला ठावं व्हतं. चळवळीची सभा असली की पत्रकं छापायला आमच्याकडं कुठले पैसे? जुन्या वर्तमानपत्रावर मी कुंचल्यानं लिहायचो, ही चिंचोके भाजून, कुटून, खळ शिजवायची. आख्ख्या गल्लीत वास. मी भिंतीवर लावून यायचो. पाऊस पडला तरी निघायचं न्हाई. पोलीस खरवडून बेजार व्हायचे, रंग निघायचा पन कागद निघायचा न्हाई.” ते थांबले. “हिनं लावलेला कागद पडला नसता.”

त्यांनी खिशातून दस्ती काढली, बाटलीतल्या पाण्यात भिजवली आणि तिचा चेहरा पुसायला लागले. आधी गाल, मग चष्मा, मग कपाळ. आम्ही सगळे ते बघत होतो. वीतभर चेहरा पुसायला त्यांनी किती वेळ घेतला! प्रेम तसाच उभा होता.

पुसून झाल्यावर काका माईकपाशी आले नाहीत. खुर्चीत बसले.

“पप्पा,” प्रेम खालच्या आवाजात म्हणाला, “सांगून टाका ना.”

“मी सांगनारच व्हतो. तुला शब्द दिला व्हता.” काकांचा आवाज माईकशिवायही खोलीभर ऐकू येत होता. “पन हिच्यासमोर माझ्याच्यानं होत न्हाई. तू सांग.”

“मी?”

“हाव. दुकान तुझं हाय. तुझी गरज खरी हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. पन मला नको सांगू, ह्या पोरींनाबी नको सांगू. तुझ्या मायकडं तोंड करून सांग. तू सांगितलंस की मी मधी बोलनार न्हाई. कुलूप आनलंच हाय तू.”

प्रेमला वाटलं असावं की बाप चिडून बोलतोय. त्यानं माझ्याकडे बघितलं, सभेकडे बघितलं, आणि मग चिडूनच फ्लेक्सकडे वळला.

“आई,” तो मोठ्यानं म्हणाला.

पुढचा शब्द आला नाही. आम्हाला त्याची पाठ दिसत होती, घामानं चिकटलेला शर्ट आणि लाल झालेले कान. पुनम पहिल्या ओळीच्या टोकाला उभी होती, दोन्ही हात तोंडावर धरून. मी मनात म्हणत होते, नको बोलूस बाबा, नको बोलूस.

“आई, मला…” तो म्हणाला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. आधी हळू, मग पार वाकून. तिला जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. घरातले सगळे फोटो यानंच कपाटात टाकले होते, बापाच्या बीपीसाठी म्हणे. तिचं नाव निघू द्यायचा नाही, बापाच्या बीपीसाठी. बीपी कुणाचं वाढत होतं ते मला तेव्हा कळलं. तो मोठा चाळिशीचा बाप्या भर सभेत आईच्या फोटोसमोर उभा राहून रडत होता, आणि काका खुर्चीतून त्याच्याकडे बघत होते, शब्द दिल्याप्रमाणे मध्ये न बोलता.

किती तरी वेळानं त्यानं बाहीनं डोळे पुसले. खुर्चीमागं पडलेला काकांचा फोटो उचलला, घडी करायला गेला तर तो ओला कागद फाटला. तरी त्यानं ते दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून खिशात घातले. मग खुर्चीखालची कॅरीबॅग काढली. पुठ्ठ्याला बांधलेली तार त्यानं दातानं तोडली आणि कुलूप हातात घेऊन पुनमपुढं येऊन उभा राहिला.

“दाराचं जुनं कुलूप कसं हाय गं?”

“सैल… सैल झालंय,” ती कशीबशी म्हणाली. “हिसका दिला की उघडतंय.”

“मग हे लावत जा जाताना. पुस्तकं हायेत आत.” त्यानं कुलूप आणि किल्ली तिच्या हातात दिली. दुसरी किल्ली आपल्या बापाच्या खिशात टाकली. “दुकानाचं बघतो मी पप्पा. लातूरला एकजन भागीदारीला बोलवून राहिलाय. त्याला आजवर नको म्हनत व्हतो.”

काकांनी मान हलवली. टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही. मला आभारप्रदर्शन करायचं होतं, तेही राहिलं. दीपाचं स्वागतगीत तर राहिलंच.

चहा झाला, माणसं पांगली. सिंधुताई सवयीनं बिस्किटाचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. येईल त्याचा बिल्ला काढून घेत होत्या, डोळे सुजलेले, तरी एकही सोडला नाही. काका आणि प्रेम दारापाशी आले. सिंधुताईंनी काकांच्या बिल्ल्याकडे बघितलं आणि डबा मागं घेतला.

“राहू द्या, दादा,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडंच ठेवा.”

काकांनी खिशावरची टाचणी सोडवली. सिंधुताईंचा हात धरून उघडला, आणि बिल्ला त्यांच्या तळहातावर ठेवला.

“कामून?” ते म्हणाले. “पुढच्या साली लागंल की.”

सिंधुताईंनी तो पदराला पुसला आणि डब्यात टाकला.